क्योटोला जाताना: हात सैल सोडून, पण यजमानाचा मान राखून

क्योटोतली आमची पहिली रात्र माझ्या चुकीने बिघडली. ऱ्योकानमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक पद्धतीच्या निवासात, सहाला जेवण मांडतो असं त्यांनी महिनाभर आधी कळवलं होतं. ओसाकाहून निघायलाच आम्हाला उशीर झाला, स्टेशनात खरेदीत रमलो आणि दारात पोचलो तेव्हा पावणेआठ वाजले होते. वाटेत फोन करायचंही मला सुचलं नाही. मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. गरम पाण्यात पिळलेले रुमाल आले, सासूबाईंना बूट काढायला स्टूल आलं, आणि पंधरा मिनिटांत पहिली वाटी समोर आली. झाकण उचललं तशी वाफ आली. दुसऱ्या दिवशी वाढणाऱ्या ताईंना विचारलं तेव्हा कळलं की सहासाठी तयार केलेलं बरंचसं बाजूला ठेवून स्वयंपाकघराने आमच्यासाठी पुन्हा सगळं केलं होतं.

मला ते फार लागलं. पाहुण्याचं इतकं अगत्य जिथे करतात, तिथे पाहुण्याकडेही काही देणं लागतं. क्योटोत पैशाने अर्धीच गोष्ट मिळते. उरलेली अर्धी आधी कळवल्याने, वेळेवर पोचल्याने आणि सावकाश राहिल्याने मिळते. तिथे जी गोष्ट मानाची असते तीच बहुतेक वेळा सुखाचीही असते, हे मला तीन फेऱ्यांनंतर पटलंय. पहिल्यांदाच जाणाऱ्या आणि खर्चाची तयारी असलेल्या मंडळींसाठी म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

एक गोष्ट मनात धरूनच सुरुवात करा. ७९४ पासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, हजारावर वर्षं, हे जपानच्या सम्राटांचं गाव होतं. क्योटो, उजी आणि ओत्सु मिळून इथल्या १७ जागा १९९४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. पण त्या देवळांच्या मधल्या गल्ल्यांत आजही लोक राहतात, मुलं शाळेत जातात, म्हातारी माणसं बसने दवाखान्यात जातात. शहराची वस्ती चौदा लाखांच्या वर आहे. आपण त्यांच्या रोजच्या रस्त्यावरून चालणार असतो.

आधी महिना ठरवा

आपल्याकडे मोठी सुट्टी म्हणजे मे महिना नाहीतर दिवाळी. दोन्हींत थोडी मेख आहे. २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा ‘गोल्डन वीक’. अख्खा देश प्रवासाला निघतो आणि गाड्या, हॉटेलं, देवळं तुडुंब असतात. मुलांच्या सुट्टीतच जायचं असेल तर ८ मे नंतर पोचा. हवा सुखाची असते, मॅपलची पानं कोवळी हिरवी असतात आणि १५ मे ला आओई मात्सुरीची मिरवणूक जुन्या दरबारी वेशात राजवाड्यापासून शिमोगामो आणि कामिगामो या देवळांकडे जाते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर हवा छान मिळेल, पण लाल पानांचा हंगाम साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. फोटोंत पाहिलेला रंग ऑक्टोबरअखेरीस नसतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. चेरी आणि लाल पानं, हे दोन हंगाम सर्वांत महाग आणि सर्वांत गर्दीचे. त्या दिवसांत चांगली खोली हवी असेल तर सहा महिने आधी हालचाल करावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा इतका असतो की वडीलधाऱ्यांना नेऊ नये. क्योटो तिन्ही बाजूंनी डोंगरात बसलंय आणि हवा हलत नाही.

मला विचाराल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, किंवा थेट जून. फेब्रुवारीत थंडी बोचते, पण रिओआन-जी (‘जी’ म्हणजे बौद्ध देऊळ) इथल्या बागेतल्या पंधरा दगडांसमोर शांत बसायला जागा मिळते. जूनमध्ये पावसाळा सुरू होतो आणि लोक कचरतात. आपण मुंबई-कोकणातली माणसं, तिथल्या पावसाला काय घाबरायचं? शेवाळाच्या बागा पाहाव्यात त्या पावसातच.

मग दिवस मोजा, आणि जागा कमी करा

टूर कंपन्या क्योटोला दीड दिवस देतात. तुम्ही पाच रात्री द्या. दिवसाला एक जागा सकाळी, एक दुपारी, बस्स. बरीच देवळं साडेचार-पाचला दार लावतात, आणि नोव्हेंबरमध्ये पाचच्या आधीच अंधारून येतं. त्यामुळे दिवस सकाळी लवकर सुरू करायचा आणि संध्याकाळ मोकळी ठेवायची.

कियोमिझु-देरा हे देऊळ सकाळी सहाला उघडतं. तिथला लाकडी सज्जा १३ मीटर उंच आहे आणि आजचं मुख्य मंदिर १६३३ चं. साडेसहाला तिथे उभं राहिलं की खालच्या झाडीतले पक्षी ऐकू येतात. दहाला तिथेच खांद्याला खांदा लागतो. फुशिमी इनारी या देवळाची लाल तोरणद्वारं तर रात्रंदिवस खुली असतात, तिथेही पहाटेच जा. मात्र दोन्हीकडे जाताना वस्तीतून चढावं लागतं. पहाटे सहाला तिथल्या माणसांची झोप पुरी झालेली नसते, म्हणून गल्लीत आवाज खाली ठेवा.

राहायचं कुठे

पाचांपैकी दोन रात्री ऱ्योकानमध्ये आणि तीन हॉटेलात, ही विभागणी मला सर्वांत जमलेली वाटते. ऱ्योकानमध्ये एकच रात्र घेतली तर तिसऱ्या प्रहरी पोचून दुसऱ्या सकाळी निघावं लागतं, घर कळतच नाही. आणि सलग पाच रात्री दहा-बारा पदार्थांचं जेवण पोटालाही पेलत नाही.

फुयाचो रस्त्यावर तवाराया आणि हीरागिया ही दोन जुनी ऱ्योकान समोरासमोर आहेत. हीरागिया १८१८ चं, आणि तवारायाला तर तीनशेवर वर्षं झालीत. अशा ठिकाणी खोल्या थोड्या असतात, म्हणून तारखा पक्क्या झाल्या की पहिलं पत्र तिथे जाऊ द्या. हॉटेलांत कामो नदीच्या काठची, हिगाशियामाच्या उतारावरची आणि उत्तरेकडच्या झाडीतली असे तीन प्रकार आहेत. शहराच्या पश्चिमेला आराशियामात होशिनोया हे हॉटेल असं की पाहुण्यांना नदीतून होडीने नेतात. उंच मजल्यावरून शहर पाहण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. २००७ पासून क्योटोने इमारतींची उंची आणखी खाली आणली, मधल्या भागात ती ४५ मीटरवरून ३१ वर आली, आणि गच्चीवरच्या जाहिरातींनाही बंदी केली. डोंगर दिसत राहावेत म्हणून हे केलंय. मला या निर्णयाचं फार कौतुक वाटतं.

पैशाचं एक नीट समजून घ्या. ऱ्योकानचा दर खोलीला नसतो, माणशी असतो, आणि त्यात बहुधा रात्रीचं जेवण व न्याहारी धरलेली असते. चौघांचा हिशेब करताना इथे गल्लत होते. शिवाय शहराचा निवासकर वेगळा भरावा लागतो. मार्च २०२६ पासून तो वाढला आहे: माणशी एका रात्रीला ५०,००० ते १,००,००० येनच्या आतल्या निवासाला ४,००० येन आणि १,००,००० येन किंवा त्यावर १०,००० येन. रक्कम मोठी आहे, पण कुरकुर करू नये. आपल्यासारख्यांच्या गर्दीचा भार ते शहर रोज सोसतंय.

आरक्षण करतानाच पुढची माहिती कळवा: किती वाजता पोचणार, कोणाचं वय काय, गुडघेदुखी कोणाला, काय खात नाही. सासूबाईंना खाली बसता येत नाही एवढं आम्ही लिहिलं, तर खोलीत बुटकी खुर्ची आणि त्याच उंचीचं टेबल आधीच मांडलेलं होतं. पाय सोडायला खळगा असलेलं टेबल किंवा पलंगाची खोली हवी असेल तर तीही विचारून मिळते. ऐन वेळी सांगितलं तर त्यांची धावपळ होते आणि न जमल्याचं वाईट त्यांनाच जास्त वाटतं.

शाकाहारी असाल तर हा भाग दोनदा वाचा

जपानी जेवणाचा पाया दाशी. कोंबू हे समुद्री शैवाल आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या मासळीचे पातळ काप, यांचा तो अर्क. सूप, उकडलेली भाजी, टोफूवरचा रस, सगळ्यांत तो उतरलेला असतो. ‘आम्ही शाकाहारी’ एवढंच लिहिलंत तर मांस-मासळीचे तुकडे येणार नाहीत, पण दाशी येईल. त्यात फसवणूक काहीच नाही, त्यांच्या लेखी ती भाजीच असते. म्हणून स्पष्ट लिहा: मासा नको, कात्सुओबुशी नको, मासळीचं दाशी नको, कोंबू आणि शिताके मशरूमचं दाशी चालेल. अंडं आणि दुधाचंही वेगळं लिहा.

काही जुनी स्वयंपाकघरं ‘आम्हाला जमणार नाही’ असं कळवतील. वाईट वाटून घेऊ नका, आग्रहही करू नका. नीट जमत नसेल तर करायचं नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. दुसरीकडे विचारा.

आणि क्योटोत तुमच्यासाठी एक खास दालन आहेच: शोजिन र्योरी, बौद्ध मठांतलं जेवण. त्यात मांस-मासा तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासूबाईंना परदेशात पहिल्यांदाच काहीही न विचारता जेवता आलं. (कंदमुळं मात्र असतात, जैन मंडळींनी तसं आधी कळवावं.) आराशियामात तेन्र्यू-जीच्या आवारात शिगेत्सु आहे, आणि उत्तरेला दाइतोकु-जीत इझुसेन. इझुसेनला लाखेच्या लाल गोल वाडग्यांत जेवण येतं. प्रत्येक वाडगा आधीच्यापेक्षा जरा लहान. तिळाचा टोफू, युबा म्हणजे सोयाबीनच्या दुधावरची साय, मुळा, कमळकाकडी. जेवण संपलं की रिकामे वाडगे एकात एक बसतात आणि समोर एकच वाडगा उरतो. नान्झेन-जीच्या परिसरात युदोफू, म्हणजे गरम पाण्यातला टोफू, खा. क्योटोचं भूजल मृदू आहे आणि टोफूची चव त्या पाण्यात आहे.

नावाजलेल्या उपाहारगृहांत बहुधा दहा-बारा माणसांचीच बैठक असते. तारीख ठरवून न जाणं म्हणजे त्यांचा तेवढा बाजार आणि तेवढी मेहनत वाया घालवणं. आयत्या वेळी रद्द केलं तर पूर्ण पैसे लावतात, आणि ते रास्त आहे. हॉटेलच्या माणसाकडून आरक्षण करवून घेतलंत तर शब्द त्याचाही गेलेला असतो, हे विसरू नका. लहान मुलं चालतील का तेही आधी विचारा. त्या संध्याकाळी अत्तर लावू नका, तिथे रस्सा आधी नाकाने घेतात. जेवायच्या काड्या भातात उभ्या रोवू नका आणि काडीवरून काडीवर घास देऊ नका. दोन्ही गोष्टी तिथल्या अंत्यविधीतल्या आहेत.

चिठ्ठी लिहून मिळणाऱ्या जागा

क्योटोत सर्वांत दुर्मीळ गोष्टी महाग नाहीत, त्यांना फक्त आधी विचारावं लागतं. साइहो-जी हे शेवाळाचं देऊळ. १२० च्या वर जातींचं शेवाळ तिथे झाडांखाली पसरलंय. गर्दीने ते तुडवलं जाऊ लागलं तेव्हा १९७७ मध्ये देवळाने दार आवरतं घेतलं, आणि तेव्हापासून आगाऊ अर्ज केलेल्यांनाच प्रवेश मिळतो. दान किमान ४,००० येन. आत गेल्यावर आधी बौद्ध सूत्र लिहायला बसायचं असतं. फिकट छापलेल्या अक्षरांवरून ब्रश फिरवायचा, अर्थ कळला नाही तरी चालतं. हात शांत होतो, मग बागेत जायचं. हे लेखन उरकून टाकायची औपचारिकता समजू नका. त्या वीस मिनिटांनंतर डोळे बाग वेगळी पाहतात.

कात्सुरा हा सतराव्या शतकातला राजघराण्याचा बागवाडा. तिथे जायला सम्राटांच्या कारभार खात्याकडे नाव नोंदवावं लागतं, पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो आणि ठरलेल्या वेळी वाटाड्याबरोबरच फिरावं लागतं. वाट दगडांवरून जाते आणि दगड मुद्दाम ओबडधोबड बसवलेत. पाऊल बघून टाकावं लागतं, आणि मान वर केली की तळं एकदम समोर येतं. चालणाऱ्याची नजर कुठे खाली राहील आणि कुठे उचलली जाईल, हे बांधणाऱ्याने ठरवून ठेवलंय. टाचांचे बूट नकोत.

चहाविधीसाठी घाऊक कार्यक्रमापेक्षा एखाद्या शिक्षकाकडची लहान बैठक मागा. हॉटेल जुळवून देतं. चहाविधीचे थोर गुरू सेन नो रिक्यू १५९१ मध्ये गेले, पण त्यांच्या वंशजांची तीन घराणी आजही क्योटोत चहा शिकवतात. जाताना अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. हातात दिला जाणारा वाडगा दोन-तीनशे वर्षांचा असू शकतो आणि हिऱ्याचा एक ओरखडाही जात नाही. पायमोजे स्वच्छ, पांढरे, न फाटलेले हवेत.

सामान आणि वाहन

औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा. महिन्याहून जास्त पुरतील इतकी डॉक्टरांनी दिलेली औषधं नेणार असाल तर आधी परवाना लागतो, आणि सर्दी-खोकल्याची काही नेहमीची औषधं तिथे मना आहेत, म्हणून यादी तपासूनच भरा. मांसाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या नेऊ नका.

क्योटोला विमानतळ नाही. कान्साई विमानतळावरून हारुका गाडी साधारण सव्वा तासात पोचवते. टोकियोहून शिन्कान्सेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेला शिन्कान्सेनमध्ये वेगळी जागा राखावी लागते. त्यापेक्षा माझं ऐका आणि मोठ्या बॅगा ताक्क्यूबिनने, म्हणजे घरपोच सामानसेवेने, हॉटेलातून हॉटेलात पाठवा. बहुधा दुसऱ्या दिवशी त्या खोलीत असतात. हातात एका रात्रीची पिशवी ठेवा.

शहरात टॅक्सी वापरा. दार चालक आतूनच उघडतो आणि लावतो, आपण ओढायचं नाही. बसमध्ये मोठ्या बॅगा घेऊन चढणं टाळाच. पर्यटकांमुळे तिथल्या म्हाताऱ्यांना बसमध्ये जागा मिळेना, म्हणून शहराने बसचा दिवसभराचा पास बंद केला आणि २०२४ पासून पर्यटकांसाठी जलद बस वेगळ्या काढल्या. भुयारी रेल्वेच्या दोन मार्गिका आहेत, त्या सोप्या आहेत. गाडीत फोनवर बोलू नका. घरच्यांचा व्हिडिओ कॉल आला तरी नाही.

घरात पाऊल टाकल्यावर

ऱ्योकानमधलं वागणं आपल्याला तसं अवघड नाही. बूट बाहेर काढायचे हे लहानपणापासून अंगात असतं. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हेही आजीने सांगितलेलंच. तिथे त्याच्या जोडीला ताताम्यांच्या, म्हणजे गवती चटयांच्या, कापडी किनारीवर पाय द्यायचा नाही. सपाता लाकडी फरशीपर्यंतच. तातामीवर अनवाणी किंवा मोज्यांनी. संडासाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या तिथेच सोडायच्या.

बॅगेची चाकं तातामीवरून ओढू नका, गवत चिरतं. भिंतीत एक कोनाडा दिसेल, त्यात लांब चित्र टांगलेलं आणि खाली एकच फूल. तो तोकोनोमा. आपल्याला वाटतं जागा रिकामी आहे, पर्स ठेवू. ठेवू नका. ते चित्र आणि फूल त्या दिवसासाठी, तुमच्यासाठी निवडलेलं असतं. दोन मिनिटं त्याच्यासमोर बसा आणि वाढणाऱ्या ताईंना फुलाचं नाव विचारा. आमच्याकडच्या ताईंचा चेहरा त्या एका प्रश्नाने उजळला होता.

अंगात घालायला युकाता देतात. डावी बाजू उजवीवर घ्यायची, उलट फक्त मृताला नेसवतात. आंघोळीची खोली हिनोकी लाकडाच्या वासाने भरलेली असते. आधी बाहेर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मग फक्त शेकायला पाण्यात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस बांधायचे, आणि निघताना बूच काढून पाणी सोडायचं नाही, कारण त्याच पाण्यात पुढचा माणूस उतरणार असतो. सगळ्यांसमोर आंघोळीचा संकोच वाटत असेल तर खोलीला जोडलेलं किंवा तासाभरासाठी एकट्याने वापरायचं न्हाणीघर आधीच मागा. त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

दोन गोष्टी घरच्या म्हणून सांगते. केसांना खोबरेल लावून त्यांच्या उशीवर झोपू नका. आणि बॅगेतलं लोणचं, चटणी तातामीच्या खोलीत उघडू नका. वास त्या गवतात मुरतो. हॉटेलच्या खोलीत खुशाल खा.

बक्षिसी देऊ नका, ती परत येते आणि दोघंही अवघडतात. मनापासून द्यावंसं वाटलंच तर आहेराच्या पाकिटासारखं लहान पाकीट, कोऱ्या नोटा घालून, सुरुवातीलाच खोलीच्या ताईंना दोन्ही हातांनी द्यायची जुनी रीत आहे. परदेशी पाहुण्याकडून तीही अपेक्षित नसते. आम्ही काजूवडीचा नीट बांधलेला डबा दिला. तो जास्त आवडला असावा.

देवळात

शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, फक्त हात जोडायचे. कॅमेऱ्याची तिवई आणि सेल्फी-काठी बऱ्याच ठिकाणी मना आहे.

आपल्या माणसांनी सांजूसानगेंदो चुकवू नये. साधारण १२० मीटर लांब लाकडी सभागृहात कान्नोनच्या १,००१ मूर्ती रांगेने उभ्या आहेत, कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. त्यांच्यापुढे २८ रक्षक देवता. सासूबाई एकेका मूर्तीपुढे थांबत होत्या. पक्ष्याची चोच असलेला, बासरी वाजवणारा एक देव दिसला आणि त्या हळूच म्हणाल्या, “अगं, हा गरुड.” करुरा म्हणतात त्याला तिथे. इंद्र ताइशाकुतेन झालाय, ब्रह्मा बोनतेन, आणि एक हाडं दिसणारा म्हातारा ऋषीही आहे. आत फोटो काढता येत नाहीत, आणि त्यामुळेच आम्ही तिथे तासभर नुसतं पाहत राहिलो.

गिओनमधली संध्याकाळ

गिओन हे नावही मुळात आपल्याकडचं, श्रावस्तीच्या जेतवनाचं जपानी रूप. आज ते गेइको आणि माइको यांच्या वस्तीसाठी ओळखलं जातं. गेइको म्हणजे नृत्य-संगीत शिकून तयार झालेली कलावती, माइको म्हणजे शिकाऊ. अशा पाच वस्त्या क्योटोत आहेत. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास त्या कामाला निघतात, आणि पर्यटक कॅमेरे घेऊन मागे धावतात, वाट अडवतात, किमोनोची बाही ओढतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी कामावर निघालीय आणि वीस माणसं तिच्या तोंडापुढे फोन धरतायत, हे आपल्या घरातल्या मुलीबद्दल कल्पून पाहा. खासगी गल्ल्यांत फोटो काढल्यास १०,००० येन दंडाच्या पाट्या २०१९ मध्ये लागल्या, आणि २०२४ मध्ये त्या गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. हानामिकोजी हा मोठा रस्ता खुला आहे. तिथेही समोरून कोणी आली तर बाजूला व्हा, फोन खाली ठेवा.

त्यांची कला बघायची तर रीतसर वाट आहे. एप्रिलमध्ये मियाको ओदोरी हा नृत्यसोहळा होतो, १८७२ पासूनचा. तिकीट काढा, वेळेवर बसा. ओचायात, म्हणजे जिथे त्या खासगी बैठकीत कला सादर करतात तिथे, ओळखीशिवाय प्रवेश नाही. नवख्याला हिणवण्यासाठी हा नियम केलेला नाही. तिथे हिशेब नंतर घरी जातो, जेवण बाहेरून मागवलेलं असतं, आणि सगळी जबाबदारी ओळख देणाऱ्यावर असते. पूर्वी कलावतीचा वेळ जळत्या उदबत्त्यांवर मोजत. मोठी हॉटेलं किंवा ऱ्योकान तुमच्या वतीने अशी संध्याकाळ जुळवू शकतात. खर्च बराच येतो. पण दोन भारी जेवणं कमी करून ही एक संध्याकाळ घ्या, असं मी सांगेन. दुभाषी बरोबर ठेवा, आणि नाचानंतर प्रश्न विचारा.

खरेदी

घासाघीस करायची नाही. निशिकी बाजारात चालता चालता खायचं नाही, विकत घ्या आणि दुकानाशीच उभं राहून संपवा. तिथलं आरित्सुगु १५६० पासूनचं, सुऱ्यांचं दुकान. सुरीवर तुमचं नाव कोरून देतात. ती चेक-इन सामानातच ठेवा. तेरामाची रस्त्यावर इप्पोदो १७१७ पासून चहा विकतंय.

मोठी रक्कम मात्र निशिजिन या विणकरांच्या वस्तीसाठी राखा. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात पश्चिमेच्या सैन्याची छावणी इथे होती, निशिजिन म्हणजे पश्चिमेची छावणी. युद्ध संपल्यावर विणकर परतले आणि इथे वसले. येवल्याला पैठणीचा माग पाहिलेला असेल तर त्सुझुरे विणकाम पाहताना तुम्ही थबकाल. रंगारंगाचे आडवे धागे जिथल्या तिथे हाताने फिरवून नक्षी उठवायची, रीत तीच. फरक नखांत आहे. विणकर आपलं नख कानशीने करवतीसारखं दातेरी करतात आणि त्या दात्यांनी एकेक धागा खाली ओढून बसवतात. मी ज्यांच्यासमोर बसले होते त्यांनी हात पुढे करून नख दाखवलं. दुसऱ्या हाताची बोटं मऊ होती, हे एकच नख काष्ठासारखं. किमोनोवरचा विणलेला कंबरपट्टा घेणं परवडलं नाही तर छोटी पर्स घ्या, पण भाव विचारण्याआधी ती करायला किती दिवस लागले ते विचारा.

निघताना

शेवटच्या सकाळी टॅक्सी ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात असते. बिल आदल्या रात्री चुकतं करा, सकाळी घाई होत नाही. आभार मानताना ‘ओओकिनी’ म्हणा, तो खास क्योटोकडचा शब्द आहे. मालकीणबाई आणि खोलीच्या ताई रस्त्यावर येऊन उभ्या राहतील आणि गाडी सुटली की वाकतील. फोनमध्ये डोकं घालू नका, मागच्या काचेतून पाहत राहा. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या आत जात नाहीत. पहिल्या फेरीत मला हे ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी मात्र आपणहून मागे वळून, वळण येईपर्यंत, हात जोडून ठेवले होते.